शेजारीच ठेवावे

मी एक जुना पायराइटचा गोळा आहे. मुठीत मावेन एवढा, पितळेच्या रंगाचा, एका अंगानं काळपट. मित्रांनो, तुम्ही फाटक्या छत्रीचं आत्मवृत्त वाचलं असेल, मोडक्या खुर्चीचं वाचलं असेल. ती सगळी मंडळी बिचारी असतात. त्यांनी जन्मभर सेवा केलेली असते आणि शेवटी त्यांना कोणीतरी अडगळीत टाकलेलं असतं. माझं सगळं उलटं आहे. मला कोणी टाकलं नाही, कोणी छळलं नाही. माणसांनी मला कापसात ठेवलं, आणि मी त्यांच्या घरात विष कालवलं. त्यामुळे हे आत्मवृत्त कमी आणि कबुलीजबाब जास्त आहे. आधी ऐकून घ्या, मग काय ती शिक्षा ठरवा.

माझा जन्म चिखलातला. फार जुन्या एका उथळ समुद्राच्या तळाशी काळा चिखल होता. त्यात कुजलेली पानं होती, मेलेले जीव होते आणि हवेचा पत्ता नव्हता. तिथे लोखंड होतं आणि गंधक होतं. हवा नसलेल्या जागी या दोघांचं छान जमतं. त्यांच्यापासून मी झालो. आमच्या जातीत काही जण फार देखणे निघतात. फाशासारखे चौकोनी, गुळगुळीत. ते शंभर वर्षं काचेत राहिले तरी बहुधा त्यांना काही होत नाही. मी तसा नाही. मी बारीक बारीक कणांचा गोळा आहे. वरून एकसंध दिसतो, पण आत हजारो फटी आहेत. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

माझ्यापासून हातभर अंतरावर त्याच चिखलात एक शंख रुतला होता. मेंढ्याच्या शिंगासारखा वळलेला, अंगावर केसाएवढ्या नाजूक रेघा. त्याचं सगळं अंग चुन्याचं. पुढे चिखलाचा दगड झाला, वर थरावर थर चढले, समुद्र निघून गेला. कोट्यवधी वर्षं आम्ही शेजारी होतो. एवढ्या काळात मी त्याच्या एका रेघेलाही धक्का लावला नाही. मी भला होतो म्हणून नव्हे हं. तिथे हवाच नव्हती म्हणून. ज्याला संधी मिळाली नाही तो आपोआप सज्जन ठरतो, तसला मी सज्जन होतो.

आमच्या पायाखाली कोळसा होता, म्हणून माणसं आली. खाणीच्या छताचा एक तुकडा निसटला आणि आम्ही दोघे एका मुकादमाच्या पायाशी पडलो. मुकादम उंच, किडकिडीत, सारखा खोकणारा माणूस होता. त्यानं दिव्याच्या उजेडात आधी शंख पाहिला, मग मला पाहिलं. कोणत्या जागेवरून पडलो ते मान वर करून नीट बघितलं. पंपापर्यंतची पावलं मोजली. मग आम्हाला रुमालात बांधून घरी नेलं.

घरात त्याची मुलगी होती, चौथीतली. तिला सगळे छकुली म्हणत. ती पुढे कितीही मोठी झाली तरी माझ्या लेखी ती छकुलीच, तेव्हा मी तेच नाव वापरणार आहे. रुमाल सुटला, मी चमकलो आणि छकुली किंचाळली, "आई, बाबांनी सोनं आणलं!"

चुलीपाशी बसलेल्या आईनं मागे वळूनही पाहिलं नाही. "सोनं आणलं असतं तर त्यांनी आधी दार लावलं असतं," ती म्हणाली.

मुकादमाला एवढं हसू आलं की त्याला ठसका लागला. "सोनं नाही गं. हा पिवळा. खाणीत याला सगळे पिवळाच म्हणतात. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं."

छकुलीच्या शाळेत विज्ञानाच्या खोलीसाठी काचेचं नवीन कपाट आलं होतं आणि मुलांना घरून काहीबाही आणायला सांगितलं होतं. कोणी पिसं आणली होती, कोणी वाळलेली बोंडं. आम्ही त्या कपाटासाठी आलो होतो. मुकादमानं रविवारची अख्खी दुपार घालवून एक चिठ्ठी लिहिली. तो अक्षरं शिकला तेच मुळी तिशीनंतर, कामगारांच्या वर्गात बसून. शिसपेन्सिल इतकी दाबून लिहीत होता की दोनदा टोक मोडलं. एक बाजू भरल्यावर त्यानं कागद उलटला, माझ्याकडे पाहिलं, हसला आणि मागे आणखी काहीतरी लिहिलं. मला वाचता येत नाही. मागे काय होतं ते मला खूप वर्षांनी कळलं.

शाळेत आम्हाला ताब्यात घेतलं तात्यांनी. तात्या विज्ञानाच्या खोलीचे शिपाई. तेव्हा तरणेबांड होते, मिशा राखून होते, आणि सगळी शाळा त्यांना तेव्हापासूनच तात्या म्हणत होती. त्यांनी काचेच्या झाकणाची एक लाकडी पेटी शोधली, तळाशी कापूस अंथरला, चिठ्ठी पुठ्ठ्यावर डिंकानं चिकटवली आणि आम्हा दोघांना तिच्या पुढ्यात शेजारी शेजारी ठेवलं. चिठ्ठीत तसंच सांगितलं होतं ना. तात्या ती मुलांना वाचून दाखवत, म्हणून मला पाठ झाली होती:

"हा शंख व हा पिवळा दगड. तिसरी गल्ली, डावा हात, पंपापासून एकोणीस पावलं, डोक्याच्या वर. शेजारी शेजारी सापडले. शेजारीच ठेवावे. छकुलीचे वडील."

दोन वर्षांनी छकुलीचे वडील गेले. खाणीच्या धुळीनं छाती भरली होती. छकुली शिकली, कॉलेजात गेली आणि विज्ञानाच्या बाई होऊन त्याच शाळेत परत आली. पहिल्या दिवशी तिनं कपाट उघडलं, पेटी मांडीवर घेतली आणि काचेवरून त्या पेन्सिलीच्या अक्षरांवर बोट फिरवलं. तिच्या घरी वडिलांचा एक फोटो होता. पण त्यांच्या हातचं म्हणावं असं या चिठ्ठीशिवाय काहीच राहिलं नव्हतं. वर्गापुढे चिठ्ठी वाचायला गेली की तिचा आवाज दुसऱ्या ओळीतच अडकायचा, म्हणून वाचनाचं काम पुढेही तात्यांकडेच राहिलं.

मित्रांनो, आता माझ्या गुन्ह्याकडे येतो. तो प्रेमातून सुरू झाला.

दरवर्षी विज्ञान प्रदर्शनाच्या आधी छकुली मला मोरीपाशी घेऊन बसायची आणि दात घासायच्या जुन्या ब्रशनं, भरपूर पाणी घालून घासायची. शंख नाजूक, त्याला ती नुसत्या कोरड्या कुंचल्यानं झाडायची. मला मात्र अंघोळ.

"बाई, किती घासाल?" तात्या म्हणायचे. "झिजेल तो."

"झिजू दे. चमकला पाहिजे तात्या, बाबांचा आहे तो."

मी चमकायचो. मुलं 'आहा' म्हणायची. मग मला वरवर पुसून त्याच कापसात, शंखाच्या शेजारी झोपवलं जायचं. पुसल्यानं वरचं पाणी गेलं, पण आतल्या हजार फटींमधलं कसं जाणार? त्यात कापूस ओल धरून ठेवणारा, आणि कपाट मोरीच्याच भिंतीला टेकलेलं. त्या भिंतीला बारा महिने पापुद्रे सुटलेले असत.

बाहेरून मी धातूसारखा दिसतो, पण माझं अंग म्हणजे लोखंड आणि गंधक यांनी एकमेकांना घट्ट धरून ठेवलेलं असतं, एवढंच. हवेतला ऑक्सिजन आला की तो माझ्या पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन ओढून घेतो. मग गंधकाची पकड सुटते. ते पाण्यातला ऑक्सिजन उचलतं आणि त्याचं सल्फेट होतं. माझ्या अंगावर पांढरी-पिवळी पूड फुलते, हिराकस म्हणतात तिला, आणि तिच्याबरोबर जे पाझरतं ते गंधकाम्ल. हो, तुमच्या प्रयोगशाळेत कुलपात ठेवतात तेच. इथवर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण सुटलेलं लोखंड हवेत आणखी बदलतं आणि उलटून माझ्याच अंगावर तुटून पडतं, ऑक्सिजनपेक्षाही जोरानं. पूड फुगते, फटी रुंदावतात, नवा पृष्ठभाग उघडा पडतो, आणि ते आम्ल हवेतली आणखी ओल ओढून घेतं. एक खोटं लपवायला दुसरं बोलावं लागतं ना, तसं ते वाढत जातं. मला कळत होतं. थांबवता येत नव्हतं, पण कळत होतं.

आणि शेजारी कोण? चुन्याचा शंख. आम्लाला चुन्याहून सोपा घास नाही.

तो ओरडला नाही. त्याच्या एका कडेला आधी पांढरी जाळी आली, मग बारीक सुया उगवू लागल्या. जिप्समच्या सुया होत्या त्या, त्याच्याच चुन्याच्या झालेल्या. छकुलीला एके वर्षी पेटीत पांढरी पूड दिसलीसुद्धा. तिनं फू करून उडवली. "खडूची असेल," ती म्हणाली. शाळेत पांढरी पूड दिसली की ती खडूचीच, यात शंका घ्यायचं कोणालाच कारण नव्हतं. पायराइटचं सूत्र तिला तोंडपाठ होतं, ते ती दरवर्षी फळ्यावर लिहायची. पण फळ्यावरच्या सूत्राला ओल लागत नाही.

आठ वर्षं मला अशा अंघोळी घातल्या गेल्या. नवव्या वर्षी इमारतीची डागडुजी निघाली आणि प्रदर्शन बंद पडलं. ते तीन वर्षं भरलं नाही. पेटी कपाटाच्या खालच्या खणात गेली, तिच्यावर नकाशांची गुंडाळी पडली. त्या तीन वर्षांत त्या अंधारात मी काय केलं ते आठवलं की आजही नको वाटतं.

मग एक पत्र आलं. दूरच्या मोठ्या संग्रहालयात जुन्या शंखांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई होत्या. शाळेत असा शंख आहे असं त्यांना कळलं होतं, आणि या खाणीच्या थरातून तो कधी नोंदला गेला नव्हता. त्या येऊन बघणार होत्या. शंख कोणत्या जागी सापडला याची लेखी नोंद असेल तर संग्रहालयाच्या यादीत तो चढणार होता, ज्याला सापडला त्याच्या नावासकट. 'जागेची नोंद नसेल तर मात्र उपयोग नाही,' असंही त्यांनी लिहिलं होतं. छकुलीनं ते पत्र शेजारच्याच शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना वाचून दाखवलं. "माझ्या बाबांचं नाव छापणार आहेत," ती म्हणाली. "मुकादमाचं!" मला खणात ते ऐकू आलं. माझ्याकडे पळून जायला पाय नव्हते.

पेटी उघडली तेव्हा तिथे तिघे होते. छकुली, तात्या आणि मुख्याध्यापक. झाकण निघालं तसा आंबट, गंधकाचा उग्र वास आला. कापूस करपल्यासारखा तपकिरी होऊन त्याला भोकं पडली होती. शंखाचा निम्मा भाग पांढऱ्या सुयांचा भुगा झाला होता. छकुलीनं पुठ्ठा उचलला आणि तो तिच्या बोटांत मोडला. चिठ्ठीचे तुकडे तुकडे होऊन टेबलावर सांडले. काही उलटे पडले, काही सुलटे. तिनं ते जुळवायला घेतले, तर जिथे बोट लावी तिथे त्यांचा चुरा होई.

कपाटाच्या वरच्या फळीवर सल्फ्युरिक ॲसिडची बाटली होती. मुख्याध्यापकांची नजर तिच्याकडे गेली. मग छकुलीची गेली. मागच्याच महिन्यात तात्यांनी ते कपाट साफ केलं होतं.

"तात्या," छकुली म्हणाली. तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "बाटली सांडली होती ना? खरं सांगा."

तात्या टेबलावरच्या तुकड्यांकडे बघत होते. एका उलट्या पडलेल्या तुकड्यावरून त्यांची नजर हलत नव्हती. मग ते म्हणाले, "असेल बाई. माझ्याच हातून झालं असेल."

"असेल म्हणजे? एवढी एक वस्तू होती हो माझ्याकडे! तुम्हाला माहीत होतं. तुम्हाला तरी माहीत होतं!"

तात्यांनी खिशातून कपाटाच्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. मुख्याध्यापकांनी दुसऱ्या दिवशी त्यांना विज्ञानाच्या खोलीतून काढून फाटकापाशी घंटेवर बसवलं. ज्या माणसाला कुठल्या बाटलीत काय आहे ते नुसत्या वासावरून सांगता यायचं, तो आता दर पस्तीस मिनिटांनी लोखंडाच्या तुकड्यावर टोला हाणू लागला. छकुलीनं संग्रहालयाला दोन ओळी लिहिल्या. नमुना खराब झाला आहे, जागेची नोंद उरलेली नाही, येऊ नये.

आणि माझं काय झालं? मित्रांनो, ऐकून घ्या. मला तिनं पदरानं पुसलं. "हा तरी वाचला," असं म्हणाली आणि मला आपल्या टेबलावर, कागद उडू नयेत म्हणून ठेवून घेतलं. ज्यानं केलं तो टेबलावर आणि ज्यानं केलं नाही तो फाटकावर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

दोन वर्षं मी तिथे होतो. खिडकीतून ऊन यायचं म्हणून माझा रोग जरा हळू चालला, पण माझ्याखालच्या कागदांवर तपकिरी वर्तुळं उमटायचीच. छकुलीला वाटायचं, चहाच्या कपाचे डाग. ती दिवसातून आठ वेळा घंटा ऐकायची आणि एकदाही त्या दिशेला बघायची नाही. घरी जातानाही मागच्या जिन्यानं जायची. तात्या आजारी पडून आठवडाभर आले नाहीत, तेव्हा घंटा दुसरंच कोणीतरी वाजवायचं आणि टोले वेडेवाकडे पडायचे. त्या आठवड्यात मात्र ती दर टोल्याला मान वर करायची. चौकशीला गेली नाही. मला वाचा असती तर मी सांगितलं असतं, असं म्हणायला सोपं आहे. खरं सांगायचं तर वाचा असती तरी सांगितलं असतं की नाही, कोण जाणे. तिच्या टेबलावर मला बरं वाटत होतं.

त्यानंतर त्याच मोठ्या संग्रहालयात शिक्षकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण निघालं. प्रत्येकानं एक दगड घेऊन यायचं होतं. छकुलीनं मला पिशवीत टाकलं. तिथे जुन्या वस्तूंवर उपचार करणाऱ्या एक बाई होत्या. पांढरा कोट, नाकावर घसरलेला चष्मा. बाकीचे शिक्षक त्यांना गमतीनं दगडांची डॉक्टरीण म्हणत होते. त्यांनी मला उचललं, नाकाशी नेलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हा आजारी आहे," त्या म्हणाल्या. त्यांनी निळ्या लिटमस कागदावर पाण्याचा एक थेंब टाकला आणि तो माझ्या फटीतल्या पुडीला टेकवला.

कागद लाल झाला. एवढ्या वर्षांनी माझा कबुलीजबाब नोंदवला गेला, तोही दुसऱ्याच्या तोंडून.

"आम्ल सुटतंय याला. बारीक कणांच्या पायराइटला होतं असं," बाई सगळ्यांना सांगू लागल्या. "ओल हा याचा शत्रू. हा चुन्याच्या वस्तूंजवळ, कागदाजवळ ठेवायचा नाही. जवळ असेल ते खातो."

छकुलीनं वर्गातल्या मुलीसारखा हात वर केला. "आणि पाण्यानं धुतला तर?"

"धुतला?" डॉक्टरीणबाई हसल्या. "मग काय, त्याला जेवायलाच बसवलं म्हणायचं. कोण धुतं पण?"

छकुलीनं हात खाली घेतला. तिचा चेहरा मला दिसत होता. खडूसारखा पांढरा झाला होता. "शेजारीच ठेवावे असं लिहिलेलं होतं," ती पुटपुटली.

"लिहिणाऱ्यानं प्रेमानंच लिहिलं असणार हो," बाई म्हणाल्या. "पण याला शेजार सोसत नाही."

माझ्यावर उपचार झाले. कोरड्या ब्रशनं पूड झाडली, अमोनियाच्या वाफेत मला बसवलं, त्यानं आतलं आम्ल मारलं गेलं आणि माझा रंग काळवंडला. मग घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, ओल शोषणाऱ्या दाण्यांवर माझी स्थापना झाली. परतीच्या प्रवासात छकुलीनं बरणी मांडीवर धरली होती. "तुला काय बोलणार?" ती मला म्हणाली. "पाणी तर मीच घातलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुढच्या फाटकानं आली. तात्या घंटेखालच्या बाकावर बसले होते. मिशा पार पांढऱ्या झाल्या होत्या. तिनं बरणी त्यांच्या शेजारी ठेवली.

"तात्या."

"बोला बाई. तास संपायला पाच मिनिटं आहेत."

"बाटली सांडली नव्हती."

"जाऊ द्या. आता काय त्याचं."

"यानं केलं ते सगळं. आणि याला मी पाणी घालत होते. आठ वर्षं. तुम्ही म्हणायचात, किती घासाल. आणि मी नाव तुमचं घेतलं, मुख्याध्यापकांसमोर." ती उभीच होती, पिशवीचा बंद पिळत. "माफ करा म्हणायलाही तोंड नाही मला."

तात्यांनी बरणी उचलून माझ्याकडे निरखून पाहिलं. "बाटली सांडली नव्हती हे मला तेव्हाही माहीत होतं," ते म्हणाले. "बूच मीच आवळलं होतं. दोन माणसांनाही निघालं नसतं."

"मग बोलला का नाहीत?"

"चूक माझीही होती, म्हणून. तुम्ही म्हणालात ती नव्हे, दुसरी." तात्यांनी बरणी परत ठेवली. "तुमच्या वडिलांनी चिठ्ठी दोन्ही बाजूंनी लिहिली होती. मी मागची बाजू वाचली, हसलो आणि तिलाच डिंक फासला."

छकुली बाकावर बसली. "काय होतं मागे?"

"पिवळ्याला पाणी लावू नये. तो रडतो."

छकुलीनं बरणीतल्या माझ्याकडे पाहिलं.

"मला वाटलं, पोरांसाठी गंमत लिहिली असेल," तात्या म्हणाले. "दगड कधी रडतो का? त्यांनी खाणीत बघितलं असणार, ओलीत याला पाझर फुटतो ते. मी कुठलं बघायला? चिकटवलं आणि विसरलो. तुम्ही दरवर्षी घासत बसायचात, तेव्हासुद्धा आठवलं नाही. त्या दिवशी पुठ्ठा मोडला, एक तुकडा उलटा पडला. त्यावर एकच शब्द राहिला होता, 'रडतो'. तेव्हा आठवलं. आता काय बोलणार होतो मी? तुमच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं आणि मी त्यांचं तोंड पुठ्ठ्याला चिकटवलं, असं? त्यापेक्षा बाटली बरी, म्हटलं."

छकुली रडत होती. पदर डोळ्यांना लावलेलाच होता, तसंच तिनं विचारलं, "पुढची बाजू आठवते? मला जागा नीट आठवत नाही हो तात्या. तिसरी गल्ली की चौथी, किती पावलं. दोन वर्षं डोकं खाजवतेय. वाचायला गेले की रडूच यायचं, म्हणून कधी पाठच झाली नाही."

तात्या सावरून बसले. घसा साफ केला आणि तोच जुना, वाचायचा आवाज लावला. "हा शंख व हा पिवळा दगड. तिसरी गल्ली, डावा हात, पंपापासून एकोणीस पावलं, डोक्याच्या वर..."

छकुलीनं पिशवीतून कागद काढला आणि लिहू लागली. दोन वर्षं ती चिठ्ठी शाळेतच होती, घंटेखाली बसून. छकुलीनं त्या वाटेवरून जायचं तेवढं राहिलं होतं. तास संपायची वेळ झाली आणि टळून गेली. तात्यांच्या हातून त्या दिवशी पहिल्यांदा टोला चुकला. वर्गांमधून कुजबुज वाढली, मुख्याध्यापक घड्याळ बघत व्हरांड्यात आले, त्यांनी बाकाकडे पाहिलं आणि तिथेच थांबले. आठवीचा गणिताचा तास दहा मिनिटं लांबला. तेही पाप माझ्याच माथी.

छकुलीनं त्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर सांगितलं की चूक तात्यांची नव्हती, तिची होती. नाव तिनं तिघांतच घेतलं होतं, परत घेतलं ते सगळ्यांपुढे. तात्यांना कपाटाच्या किल्ल्या परत मिळाल्या. पत्र लिहिणाऱ्या संग्रहालयाच्या बाई आल्या, तात्यांच्या तोंडून जागा लिहून घेतली आणि 'ऐकीव नोंद' असा शेरा मारून मुकादमाचं नाव यादीत चढवलं. उरलेला अर्धा शंख त्यांनी कोरड्या खणात ठेवण्यासाठी सोबत नेला. पेन्सिलीची ती दाबून काढलेली अक्षरं मात्र कुठल्याच यादीत परत येणार नाहीत. छकुली अजूनही कधी कधी रिकाम्या काचेवरून बोट फिरवते. ते बघणं ही माझी शिक्षा आहे, आणि ती कमीच आहे.

माझ्या बरणीच्या गळ्यात आता दोऱ्यानं नवी चिठ्ठी बांधलेली आहे, छकुलीच्या हातची, दोन्ही बाजूंनी वाचता येईल अशी. 'शेजारीच ठेवावे' हे वाक्य तिनं खोडलं नाही. जसं होतं तसं लिहिलं आहे. मुलं विचारतात, "बाई, मग शंख कुठंय?" ती सांगते, "लांब ठेवला. तेही प्रेमानंच."

मित्रांनो, छत्री म्हणते मला उघडा, पुस्तक म्हणतं मला वाचा. माझं मागणं वेगळं आहे. मला बंद ठेवा, कोरडं ठेवा, चुन्याच्या आणि कागदाच्या जवळ आणू नका. पांढरी पूड दिसली तर खडूची म्हणून फुंकर घालू नका. आणि कोणाचं नाव घेण्याआधी कागद एकदा उलटून बघा.

प्रदर्शन आता पुन्हा भरतं. तात्या चिठ्ठी वाचतात, आधी पुढची बाजू, मग मागची. वाचून झालं की बरणीवर बोटानं दोनदा टकटक करतात आणि म्हणतात, "रडू नकोस रे बाबा." मुलं हसतात. मी आता अगदी कोरडा आहे. रडायची सोयही माझ्याकडे उरलेली नाही.